पासबुक पाहिलं म्हणून विश्वास कमी होत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

ऐरोलीहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 43, बालवाडीत नोकरी, पगार 18,000. पती 48 वर्षांचे, तुर्भे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 19 वर्षं सुपरवायझर होते. सात महिन्यांपूर्वी कारखान्याने यंत्रं दुसऱ्या राज्यात हलवली आणि इथल्या माणसांना घरी बसवलं. शेवटचा पगार मिळाला, बाकीचं ‘नंतर बघू’. घराचा हप्ता 26,500. मुलगी बारावीला आहे, तिला इंजिनिअरिंगला जायचंय. कुटुंब मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दर रविवारी मराठी उपासनेला जातात, पण मंडळीत (चर्चमध्ये), सोसायटीत, नातेवाइकांत कुणालाही नोकरी गेल्याचं माहीत नाही. पती रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडतात. लोकलचा पास अजून काढतात. वाशीला मिनी सीशोअरच्या बाकावर बसून संध्याकाळी परत येतात. ताईंनी विषय काढला की म्हणतात, “आपण विश्वासाने चालतो, डोळ्यांनी दिसतं त्याप्रमाणे नाही. पाण्यावरून येशूकडे चालत जाणाऱ्या पेत्राने वाऱ्याकडे पाहिलं आणि बुडाला. तू पासबुक बघणं बंद कर.” मागच्या घरसभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी ‘विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट मिळेल’ असं सांगितलं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली दानाचं एक पाकीट ठेवलेलं आहे. त्यावर पेन्सिलीने 50,000 लिहिलंय, आणि ती रक्कम पीएफमधून काढून द्यायचं पतींनी ठरवलं आहे. ताईंनी पतींना न सांगता स्वतःच्या बांगड्या गहाण टाकून मागचे दोन हप्ते भरले. आता हार्वेस्टच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल चर्चमध्ये देवाचे आभार मानतात त्या दिवशी, दोघांनी मिळून साक्ष द्यावी, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं, असं पाळकांनी (पाद्र्यांनी) सुचवलं आहे. ताई विचारतात: “मी अल्पविश्वासी आहे का? जे दिसतंय ते न बघता जगायचं कसं? आणि साक्षीत काय सांगू?”

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको. तुम्ही अल्पविश्वासी नाही. पाच तारखेला हप्ता जायचा असेल तर एक तारखेला खात्यात किती आहे हे पाहणाऱ्या बाईला आपल्याकडे संसारी म्हणतात. तिला अविश्वासी ठरवायला शास्त्रात आधार नाही. तुमच्यासारखी पत्रं मला कळव्याहून येतात, कोपरखैरण्याहून येतात. कारखान्याचं नाव बदलतं, तक्रार तीच असते: घरात खरं काय ते बोललं की ‘नकारात्मक बोललीस’ म्हणून गप्प बसवतात.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती तपासू. तुम्ही लिहिता, पतींचा विश्वास मोठा कारण ते परिस्थितीकडे बघत नाहीत, माझा लहान कारण मी बघते. म्हणजे न बघणं हाच विश्वास, असं तुमच्या मनात पक्कं बसलं आहे. ते कुठून आलं?

देवाने देऊ केलेला कनान देश हेरायला मोशेने बारा माणसं पाठवली, ती गोष्ट तुम्ही संडे स्कूलपासून ऐकली असेल. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या 13व्या अध्यायात आहे. बाराही जणांनी तेच पाहिलं. द्राक्षांचा घड दोघांनी काठीवर वाहून आणावा लागला इतका मोठा, शहरं तटबंदीची, माणसं धिप्पाड. त्यांतल्या यहोशवा आणि कालेब यांनी परत येऊन ‘तिथे कुणीच धिप्पाड नाही हो’ असं सांगितलं का? नाही. डोळे त्यांचेही उघडेच होते. दहा जणांनी पाहिलं आणि देवाला हिशेबातून वगळलं, या दोघांनी पाहिलं आणि त्याला हिशेबात धरलं. हिशेब मात्र सगळ्यांनीच केला.

आणि यिर्मया. मी नोकरीची बहुतेक वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली, त्यामुळे हा संदेष्टा मला जरा जवळचा वाटतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला, यिर्मया स्वतः राजाच्या पहाऱ्यात अडकलेला, आणि देव सांगतो, चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घे. शहर पडणार हे तोच इतकी वर्षं ओरडून सांगत होता, म्हणजे त्या जमिनीची किंमत काय उरणार हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. तरी तो शेत घेतो. कसं घेतो ते 32व्या अध्यायात बघा. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो. साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. निव्वळ देवाच्या शब्दावर केलेला व्यवहार, आणि त्यात एक कागद कमी नाही! तुमचं पासबुक त्याच भांड्यातलं आहे असं समजा.

आता पेत्र, कारण तुमच्या घरी त्याचं नाव वारंवार निघतं. मत्तयाच्या 14व्या अध्यायात तो वाऱ्याकडे पाहून भ्याला आणि बुडू लागला, हे खरंच आहे. पण तुमच्याकडे गोष्ट तिथेच थांबते. पुढे काय झालं? तो ओरडला. नावेत बाकीचे शिष्य बसलेले, आणि थोड्याच वेळापूर्वी सगळ्यांदेखत पाण्यावर उतरलेला हा माणूस सगळ्यांदेखतच ‘प्रभूजी, मला वाचवा’ म्हणून ओरडला. प्रभूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं. अल्पविश्वासी हा शब्द त्यानंतर आला, हात धरल्यावर. आधी हात, मग कानउघाडणी. आपण मंडळीत बऱ्याचदा उलटं करतो. तुमचे पती सात महिने बुडताहेत आणि एकदाही ओरडलेले नाहीत. मला काळजी त्याची वाटते.

पेत्राबद्दल अजून एक. तो पाण्यावर उतरला तो प्रभूने ‘ये’ म्हटल्यावर, आणि त्याने आधी विचारलं होतं. 50,000 द्या असं तुमच्या घराला कोणी सांगितलं? एका पाहुण्यांनी, घरसभेत, तुमच्या चुलीची काही माहिती नसताना. त्या आवाजाला ‘ये’ समजायचं कारण नाही.

‘विश्वासाने चालतो’ हे वचन प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, 5व्या अध्यायाचा 7वा श्लोक. हल्ली वचनं मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर सुटी सुटी येतात, मागची-पुढची ओळ कापून. तो अध्याय आज रात्री दोघांनी मिळून सलग वाचा. पौल तिथे मरणाबद्दल बोलतोय. शरीर हा तंबू आहे, तो मोडला तरी देवाकडे घर आहे, आणि तोवर प्रभू डोळ्यांना न दिसता त्याच्यावर विसंबून चालायचं आहे. बँकेच्या हप्त्याकडे पाठ फिरवा असं त्यात कुठे येत नाही. आणि तसंच पाच ओळी खाली 12व्या श्लोकापर्यंत या. तिथे पौल काही लोकांबद्दल बोलतो, जे अंतःकरणावर नाही तर बाहेरच्या देखाव्यावर प्रौढी मिरवतात. करिंथमध्ये अशी मंडळी होती. पौलाचीही त्यांनी हेटाळणी केली होती: पत्रं वजनदार, पण समोर आला की माणूस दुबळा आणि बोलणं टाकाऊ. त्यावर पौलाने इस्त्रीचा शर्ट घातला नाही. 11व्या अध्यायात त्याने आपली सगळी दुर्दशाच मांडून ठेवली. फटके, तुरुंग, फुटलेली जहाजं, उपासमार, थंडी, आणि वर मंडळ्यांची रोजची चिंता. तोच पौल, तेच पत्र.

म्हणून, ताई, मला असं दिसतं की तुमच्या घरात ‘दिसण्याप्रमाणे चालणं’ नेमकं त्या शर्टात आहे, डब्यात आहे, तुर्भ्यापर्यंतच्या पासात आहे. वॉचमनला काय दिसेल, शेजारच्या वहिनींना काय दिसेल, मंडळीतल्या वडील मंडळींना काय दिसेल, यावर तुमच्या घराचा दिवस उजाडतो आणि मावळतो. देवाला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग हे सगळं कुणासाठी?

हे वाचून पतींवर चिडू नका. ते खोटारडे नाहीत. 48व्या वर्षी, एकाच कारखान्यात 19 वर्षं काढलेल्या माणसाला सकाळी घरात बसून राहणं किती जड जातं हे मी जवळून पाहिलंय. आमच्या टेबलासमोर अशी माणसं यायची. फाइल बगलेत, बोलताना नजर फाइलीवर. विश्वासाची भाषा त्यांच्या तोंडी येते तेव्हा आत बहुतेक वेळा लाज असते, आणि आपल्यातल्या काही जणांच्या बोलण्याने ती लाज वाढते. ‘काहीतरी पाप असेल म्हणून आशीर्वाद थांबला’ असं सहज बोलणारे प्रत्येक मंडळीत असतात. बायबलमध्ये संकटांमागून संकटं सोसणाऱ्या ईयोबाचे मित्र हेच बोलत होते, आणि शेवटी देवाने ईयोबाला सोडून त्या मित्रांना फटकारलं. हा शेवट मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तुम्ही लिहिलंय की पती पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात: “रमाबाईंनी कुठे शिल्लक बघितली?” रमाबाईंवर माझी भक्ती आहे, म्हणून इथे जरा थांबते. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले. भूक काय असते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. आणल्या कुठे? केडगावला, जिथे त्यांनी आधीच रेल्वेमार्गालगत जमीन घेऊन ठेवली होती, विहिरी खणल्या होत्या, फळझाडं लावली होती. पुढे तिथे विणकाम आलं, छापखाना आला, तेलाचा घाणा आला. देव पुरवील यावर त्यांचा भरवसा होताच, तो त्यांनी जन्मभर बोलून दाखवला. पण विहीर खणायला लावणारी बाई ‘पाण्याची पातळी बघू नका’ म्हणत नव्हती.

आता तुमच्याबद्दल, आणि हे जरा स्पष्ट लिहिते. बांगड्या तुमच्या आहेत, घर वाचवायला गहाण टाकल्यात, त्यात गैर काही नाही. पण तुम्हीही लपवलंत. पती शर्टामागे लपले, तुम्ही रिकाम्या मनगटावर काचेच्या बांगड्या चढवून लपलात. एका घरात दोन गुपितं असली की दोघांनाही वाटतं, घर मीच एकटा ओढतोय. पहिलं बोलणं त्यामुळे पासबुकाचं नको, पाकिटाचंही नको. बांगड्यांचं करा. “मी तुम्हाला न सांगता हे केलं, मला सांगायला हवं होतं,” एवढ्यावर थांबा. पुढचं त्यांना बोलू द्या. घरात मुलगी अभ्यासाला बसलेली असते, तिच्यासमोर हे नको. एक दिवस रजा टाका आणि वाशीला त्यांच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. डबा दोघांचा न्या.

मुलीला मात्र फार दिवस अंधारात ठेवू नका. बारावीच्या मुलीला घरातलं काही कळत नाही असं आईबापांनाच वाटतं.

पाकिटाबद्दल माझं मत तुम्ही विचारलं नाही, तरी देते: ते 50,000चं पाकीट आज देऊ नका. दान द्यायला मी कधीच अडवणार नाही. आमच्या घरात दशमांश काढल्याशिवाय किराणा आला नाही. पण त्याच करिंथकरांच्या पत्रात, 8व्या अध्यायाच्या 12व्या श्लोकात पौल म्हणतो की देणाऱ्याजवळ जे आहे त्या मानाने दान मान्य होतं, जे नाही त्या मानाने नाही. पुढच्या अध्यायात म्हणतो, कष्टी होऊन किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. काचेखालचं पाकीट रोज बघून तुमच्या पोटात गोळा येत असेल तर हे दान आनंदाचं नाही, एवढं नक्की. आणि मार्काच्या 7व्या अध्यायात प्रभूने परूशांना (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाला) काय सुनावलं ते पतींसोबत वाचा. आईबापाला द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं असं जाहीर करायचं आणि घरच्या माणसांना वाऱ्यावर सोडायचं, याला प्रभूने देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. ‘त्या गरीब विधवेने होतं नव्हतं ते मंदिराच्या दानपेटीत टाकलंच की’ असं कुणी म्हटलं तर मार्काच्या 12व्या अध्यायात तिच्या गोष्टीच्या जरा आधीची ओळही वाचायला सांगा. तिथे प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडतो. घरसभांमध्ये ती ओळ बहुधा वाचली जात नाही.

शंभरपटीबद्दल एवढंच: ते शब्द पेरणाऱ्याच्या दाखल्यातले, आणि त्यात बी म्हणजे वचन, असं प्रभूने स्वतः उलगडून सांगितलंय. रुपये नाहीत.

यावर पती विचारतील, “मग देव पुरवतो कसा?” त्यांना म्हणावं, कदाचित त्याने पुरवलेलं कारखान्याच्या हिशेबखात्यात पडून आहे. ग्रॅच्युइटी, नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम! पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणजे ‘नंतर बघू’मध्ये ती गेली. सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाचा तो कायद्याने हक्क आहे. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ वेतन आणि भत्ता मिळून 30,000 धरले तर 19 वर्षांचे सव्वातीन लाखांच्या वर होतात. कंपनीने ते 30 दिवसांत द्यायचे असतात, उशीर केला तर व्याजासकट. सात महिने झाले. आधी लेखी अर्ज, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावती जपून. दाद लागली नाही तर पुढे कुठे दाद मागायची ते ठाण्यातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण आणखी वेळ घालवू नका. हातात पैसे आले की सगळ्यात आधी बांगड्या सोडवा. सोनेतारणाचं व्याज गुपचूप चढत जातं आणि मुदत टळली की लिलावाची नोटीस येते.

बँकेत दोघांनी जा, आणि आत्ताच जा. तुमचा एकही हप्ता थकलेला नाही, ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग बँकेला घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि त्या टप्प्यावर टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. थकण्याआधी आलेल्या माणसाशी बँक वेगळं बोलते. काही महिने फक्त व्याज भरणं, किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं, असे मार्ग विचारा. 48व्या वर्षी मुदत फार वाढवून मिळणार नाही आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, त्याची नोंद राहते, हे आधीच सांगून ठेवते. तरी घर जाण्यापेक्षा नोंद परवडली. सोबत नोकरी गेल्याचं कंपनीचं पत्र लागेल. म्हणजे पुन्हा तेच: शर्ट घालून निघणाऱ्या माणसाला ही सवलत मिळत नाही, नोकरी गेल्याचं सांगणाऱ्याला मिळते.

मुलीच्या फीचंही तसंच आहे. 2024-25 पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. प्रवेश कॅप फेरीतून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) हवा, मॅनेजमेंट कोट्यातून चालत नाही. उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलदारांचा लागेल. आपल्यातल्या कितीतरी घरांत जातीचा दाखला कधी काढलेलाच नसतो, ‘ख्रिस्ती माणसाला तो कशाला’ म्हणून. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून शोधायला लागा. नगरच्या शाळेतून जुना उतारा मिळवायला महिने लागतात आणि जूनमध्ये धावाधाव करून काही होत नाही.

नोकरीबद्दल मी काय सांगणार? सुपरवायझरचं काम रबाळ्यात, महापेत पूर्वीइतकं राहिलेलं नाही, हे पतींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भिवंडीची गोदामं, तळोजा, अंबरनाथ इकडे विचारावं. पगार कमी येईल. पण नोकऱ्या ओळखीतून लागतात, आणि ज्याची नोकरी गेल्याचंच कुणाला माहीत नाही त्याला कोण कळवणार? तुमच्या मंडळीत कुणीतरी कुठल्या तरी कारखान्यात स्टोअरला असेल, कुणाचा भाऊ कंत्राटदार असेल. उपासना सुटल्यावर चहाच्या कपाबरोबर ही माहिती फिरत असते, आणि ती तुमच्या दारावरून पुढे जाते आहे.

म्हणजे उद्याच वेदीसमोर उभं राहून सांगा असं मी म्हणत नाही. आधी एकच माणूस निवडा. तुमचे नेहमीचे पाळक, कारण ते तुमच्या घरी आलेत, तुमच्या मुलीला ओळखतात. घरसभेचे पाहुणे नकोत. पाळकांवर भरवसा नसेल तर महिला मंडळातली एखादी पोक्त बाई, जिच्या तोंडून तुम्ही दुसऱ्याच्या घरातलं कधी ऐकलेलं नाही. ही खूण पक्की आहे. दोघांनी मिळून जायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: नोकरी गेली आहे, आम्ही लपवलं होतं, आमच्यासाठी प्रार्थना करा. कुणी एक-दोघं कुजबुजतील. कुजबुजू द्या. मला वाटतं, तुम्ही दोघं मंडळीला आहे त्यापेक्षा वाईट समजता आहात. त्या बाकांवरही कुणीतरी असाच शर्ट घालून बसलेलं असेल.

पतींनी यायला नकार दिला तर? तर तुम्ही त्यांच्या परवानगीने एकट्या जा. परवानगीही दिली नाही तर पाळकांकडे तूर्त जाऊ नका, बँकेत मात्र जा, कर्जावर तुमची सही असेल तर तुम्हाला तो अधिकार आहे. आणि बाकावर पुन्हा जाऊन बसा. एका बैठकीत सात महिन्यांची गाठ सुटत नाही. ते रात्री झोपत नसतील, जेवण सोडत असतील, किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलले असतील, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. मनाच्या आजारांसाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे जाण्याने विश्वासाला बाध येत नाही. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्यच होता.

हे सगळं केलं की नोकरी लागेलच, असं मी लिहून देऊ शकत नाही. तसं लिहून देणाऱ्यांपासून तर तुम्हाला सावध करते आहे. हबक्कूक संदेष्टा शेवटच्या अध्यायात म्हणतो की अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्याने आधी गोठ्यात डोकावून पाहिलंय, नीट मोजलंय, मग हे म्हटलंय. गोठा भरलेला आहे अशी बतावणी त्याने केली नाही आणि गोठा भरेपर्यंत स्तोत्रही थांबवलं नाही. मला जमतं का असं तुम्ही विचाराल. रोज नाही जमत. काही दिवस नुसतं बायबल उघडून बसणं होतं, आणि तेवढंही पुरतं असं मी मानते.

राहिली साक्ष. साक्ष म्हणजे ‘अडचण होती, प्रार्थना केली, सुटली’ एवढंच आपल्या कानाला सवयीचं झालंय. म्हणून अडचण सुटेपर्यंत माणसं गप्प राहतात, आणि न सुटल्यास खोटं बोलतात. हार्वेस्टला तुम्ही दोघं उभे राहायला तयार असाल, आणि तयार असाल तरच, तर जे आहे ते सांगा: सात महिने पगार नाही, हप्ता भरला जातोय, भीती वाटते, देवाला सोडलेलं नाही. दोन मिनिटं पुरतील. रक्कम, बांगड्या, कंपनीचं नाव, यातलं काही सांगायची गरज नाही. हार्वेस्टला लोक भोपळे, केळीचे घड, तांदळाच्या पिशव्या घेऊन येतात आणि मग त्यांची बोली लागते. तुम्ही यंदा बोलीत हात वर केला नाही तर कुणी तुमची हजेरी काढणार नाही. पती तयार नसतील तर साक्ष नको. एकट्या उभ्या राहून त्यांची बाजू सांगू नका, आणि ‘प्रभूने भरभरून दिलं’ असं तर अजिबात बोलू नका. पाळकांना या आठवड्यातच कळवा, “यंदा आमचं नाव धरू नका, का ते भेटून सांगतो.” हार्वेस्टच्या पत्रिका एकदा छापायला गेल्या की नाव काढायला सांगणं फार अवघड होऊन बसतं.